‘शेवयांसारखे केस’ चुकले कुठे?

प्रश्न : एका वाचक आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत शिकते. मराठीच्या स्वाध्यायात रिकाम्या जागा भरायच्या होत्या. ‘आजीचे पांढरे केस’ कशासारखे, या प्रश्नाला तिने ‘शेवयांसारखे’ असे लिहिले, ‘उंच दादा’ तिला ‘लिफ्टसारखा’ वाटला आणि ‘बाबांचा राग’ तिने ‘कुकरसारखा’ ठरवला. अपेक्षित उत्तरे कापूस, ताड आणि आग अशी असल्यामुळे तिन्ही उत्तरांवर लाल फुली आली. त्यानंतर आईने चाळीस उपमांची यादी करून ती मुलीकडून पाठ करून घेतली. आता तिच्या निबंधात प्रत्येक चेहरा चंद्रासारखा आणि प्रत्येक मुलगा सिंहासारखा शूर असतो. गुण मिळत असतील तर पाठांतर चालू ठेवावे, असे पतींचे मत आहे. मुलांच्या कल्पनेला हात लावू नये, ती लिहितील ते बरोबर, असे नणंदेचे म्हणणे आहे. त्यातच आजीने ‘अगदी माकडासारखा आहेस’ असे म्हटल्यावर पाच वर्षांचा धाकटा ‘मला शेपूट नाही’ म्हणून रडू लागला. मुलांना उपमा समजतच नाहीत का, त्या कशा शिकवाव्यात आणि सुट्टीत सर्जनशील लेखनाचा वर्ग लावावा का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : तुमच्या मुलीच्या तिन्ही उत्तरांना सारखीच फुली मिळाली असली, तरी ती उत्तरे एका जातीची नाहीत. तुमच्या प्रश्नाची उकल मला या फरकातच दिसते, म्हणून आधी ती एकेक करून पाहू.

शेवया पांढऱ्या असतात, बारीक आणि लांब असतात, वाळत घातल्या की एकमेकींत गुंततात. आजीच्या केसांत रंगाबरोबर हे सारे आहे. कापसात पांढरेपणा आहे, मऊपणाही आहे, पण केसाची तार नाही. त्यामुळे छापील उत्तरापेक्षा मुलीचे उत्तर अधिक नेमके आहे. गव्हाच्या शेवया किंचित पिवळसर असतात, असा आक्षेप एखादा चोखंदळ वाचक घेईल. पण आजींचे केस तरी कापसाइतके शुभ्र कुठे असतात? कुकरचे उत्तर तर त्याहून पुढचे आहे. तेथे रंग नाही, आकार नाही, दिसण्यातले काहीच साम्य नाही. वाफ आत साठत जाते, बाहेरून पत्ता लागत नाही, मग एकदम शिट्टी होते आणि त्यानंतर थोडा वेळ शांतता असते, हा सगळा क्रम तिने बाबांच्या रागाशी जुळवला आहे. राग आगीसारखा आहे असे लिहायला कोणाचेही बाबा पाहावे लागत नाहीत. कुकरसारखा लिहायला मात्र स्वतःचे बाबा नीट पाहावे लागतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंट्नर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच वाढीचा माग काढला होता. ढग स्पंजासारखा असतो, या वाक्याचा अर्थ शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाची मुले दिसण्यावरून लावतात : दोन्ही गोल आणि फुगीर असतात. मोठी मुले आणि प्रौढ माणसे कामावरून लावतात : दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि मग सोडतात. म्हणजे आधी रूप जुळवता येते आणि दोन गोष्टींमधले नाते जुळवणे त्यानंतर येते. तुमची मुलगी एकाच स्वाध्यायात या दोन्ही पायऱ्यांवर उभी आहे. तिला उपमा समजत नाहीत, हे पत्रातले पहिले गृहीतक येथेच गळून पडते.

लिफ्टचे उत्तर मात्र चुकले आहे आणि ते चुकले असेच तिला सांगावे. लिफ्ट वर जाते. ती उंच नसते. ‘लिफ्टसारखा उंच दादा’ वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे उंच मुलगा उभा राहत नाही. तुमच्या नणंदेचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही ते याच ठिकाणी. उपमा दुसऱ्यासाठी असते. ऐकणाऱ्याला जे दिसलेले नाही ते त्याच्या ओळखीच्या वस्तूतून दाखवणे हे तिचे काम आहे, आणि ऐकणाऱ्याला काही दिसलेच नाही तर कल्पना कितीही मौलिक असली तरी ते काम झालेले नसते. पण चूक सांगण्याआधी तिला एक प्रश्न विचारावा : ‘दादा लिफ्टसारखा कशात?’ ती बहुधा म्हणेल, ‘वर जातो.’ मग तुम्हाला विचारता येईल की दादा वर जातो आहे की वर पोचलेला आहे. दादाची उंची गेल्या वर्षी भराभर वाढली असेल, तर ‘दादा लिफ्टसारखा वर गेला’ हे वाक्य उत्तम आहे आणि ते तिलाच सापडेल. फक्त रिकाम्या जागेत ‘उंच’ हा शब्द आधीच छापलेला होता, म्हणून ते तेथे बसले नाही.

‘कशात?’ हा एकच प्रश्न मी तुम्हाला शिकवण्याचे मुख्य साधन म्हणून सुचवतो. आपल्या व्याकरणात उपमेची चार अंगे सांगितली आहेत : ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोघांत असलेला समान गुण म्हणजे साधारण धर्म, आणि सारखा, प्रमाणे, जसा, परी, गत यांसारखा साम्य दाखवणारा शब्द. ही नावे माध्यमिक वर्गांत येतील तेव्हा येतील; तिसरीतल्या मुलीच्या डोक्यावर ती आताच घालण्याची गरज नाही. मात्र शिकवणाऱ्या मोठ्या माणसाच्या मनात ती असावीत, कारण मूल जेथे अडते ते ठिकाण जवळजवळ नेहमी तिसरे अंग असते. उपमान शोधणे मुलांना सोपे जाते, ‘सारखा’ हा शब्द तर ती दिवसभर वापरतात; समान गुण कोणता, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

धाकट्याचे रडणे याच चौकटीत ठेवून पाहा. चारही अंगे सांगितलेली उपमा ती पूर्णोपमा आणि एखादे अंग गाळलेली ती लुप्तोपमा, असा भेद जुन्या अलंकारशास्त्रात केलेला आहे. ‘तू माकडासारख्या उड्या मारतोस’ यात गुण सांगितलेला आहे. ‘तू माकडासारखा आहेस’ यात तो गाळलेला आहे आणि ऐकणाऱ्याने तो भरून घ्यायचा आहे. पाच वर्षांच्या मुलाने तो भरून घेण्याऐवजी अख्खे माकड स्वतःला लावून पाहिले, त्यात शेपूट आले, आणि ते आपल्याला नाही हे त्याने रडत का होईना, पण सिद्ध केले. त्याचा तर्क बिनचूक आहे. या वयाच्या मुलांशी बोलताना पूर्ण उपमा वापरावी, म्हणजे गुण शब्दांत सांगावा. गुण गाळलेल्या उपमा मोठेपणी आपोआप उलगडू लागतात. सासूबाईंना हे सांगताना ‘त्याला असे बोलू नका’ असे न म्हणता ‘आई, कशात माकडासारखा ते त्याला सांगा ना’ असे म्हटले, तर कोणाचाच अपमान होणार नाही आणि आजी-नातवाचा एक खेळही सुरू होईल.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या घरांतून मुलांच्या कानांवर ज्या उपमा पहिल्यांदा पडतात त्या बहुतेक रागावण्याच्या असतात. कुंभकर्णासारखा झोपतोस, गाढवासारखा वागतोस, बकासुरासारखा खातोस, भुतासारखे केस सोडू नकोस. रंगावरून आणि अंगावरून केलेल्या उपमा तर चारचौघांत हसत हसत दिल्या जातात आणि मूल त्या वर्षानुवर्षे विसरत नाही. मुलीला वर्गात उपमा शिकवल्या जात असताना तिने मैत्रिणीच्या रंगाला कोळशाची उपमा दिली, तर ती व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर ठरेल. ती का देऊ नये हे मात्र घरातच सांगावे लागेल. कुंभकर्णाला मी घराबाहेर काढा म्हणणार नाही, तो फार मजेदार आहे. पण दिवसाकाठी एखादी तरी उपमा मुलाच्या वाट्याला कौतुकाची यावी.

आता पाठांतराचा प्रश्न घेऊ. तुमच्या पतींचे म्हणणे मी सरसकट झिडकारत नाही. रूढ उपमा माहीत असल्या पाहिजेत, कारण पुढे वाचनात त्या येत राहतात, आणि कमळासारखे डोळे म्हणजे नेमके काय हे ठाऊक नसलेल्या मुलाला जुन्या कवितेच्या दारातच अडखळायला होते. पण ओळखण्यासाठी शिकणे वेगळे आणि लिहिण्यासाठी पाठ करणे वेगळे. शिवाय यादीतल्या कित्येक वस्तू मुलांनी पाहिलेल्याच नसतात. ताडाचे झाड किनारपट्टी सोडून आत राहणाऱ्या शहरी मुलाला क्वचितच दिसते. दगडी कोळसा घरातून केव्हाच गेला. ‘लोण्यासारखे मऊ’ हे वाक्य फ्रिजमधल्या पिवळ्या वडीवर सुरी दाबून पाहिलेल्या मुलाला सरळसरळ खोटे वाटेल. ताक घुसळून वर आलेला गोळा त्याच्या बोटाला एकदा लागू द्या, मग ती उपमा त्याची होईल. तुमच्या यादीतल्या ज्या वस्तू मुलीला दाखवता येतील, हातात देता येतील किंवा चाखवता येतील त्या ठेवा. उरलेल्यांची घाई करू नका.

रोजच्या सरावासाठी वही-पेन्सिल लागत नाही. भाजी निवडताना किंवा रस्त्याने चालताना एखादी वस्तू घ्यावी आणि दोन प्रश्न विचारावेत : ती कशासारखी, कशात? आणि कशात नाही? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कारले मगरीच्या पाठीसारखे आहे ते खडबडीतपणात. मगर चावते, कारले चावत नाही, मगर मोठी असते, कारले पिशवीत मावते. उपमा एका बाबतीत जुळते आणि बाकीच्या बाबतींत सुटते, हे ज्या मुलाला हसत-खेळत कळले त्याला शेपटाची भीती वाटणार नाही. धाकट्याला या खेळात अवश्य घ्या; ‘कशात नाही’ या भागात पाच वर्षांची मुले मोठ्यांना हरवतात.

उपमांचा दुसरा मोठा साठा तुमच्या घरात असेल तो सासूबाईंकडे, म्हणजे कोड्यांचा. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ या कोड्याचे उत्तर चांदण्या आणि चंद्र हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. कोड्यात उपमान पुढे ठेवलेले असते आणि उपमेय शोधायचे असते, म्हणजे स्वाध्यायातल्या रिकाम्या जागेच्या नेमके उलट. उत्तर मिळाले की तेथे थांबू नका. लाह्याच का, तांदूळ का नाहीत? लाही फुललेली असते, एकीसारखी दुसरी नसते, सुपात त्या विखुरतात, आणि चांदण्याही तशाच लहानमोठ्या व पसरलेल्या असतात. रुपया का? तो गोल, चकाकणारा आणि त्या पसाऱ्यात एकटा असतो. ‘हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्याने भरली’ हे भेंडीचे कोडे विचारताना शक्य असल्यास भेंडी हातात द्या, बोटांना तिची लव लागू द्या आणि मग ती उभी चिरा, म्हणजे काटे आणि मोती दोन्ही कळतील. दोन-चार जुनी कोडी झाल्यावर मुलीला स्वतःचे कोडे रचायला सांगा. ती रचील ते ओबडधोबड असेल. चालेल. ते आजीला सुटले की नाही, यावरून उपमा पोचली की नाही हे तिला तुमच्या फुलीवाचून कळेल.

उपमेची गरज कधी पडते, हेही मुलांना कळायला हवे. जेथे साधा शब्द पुरतो तेथे ती सजावट होते आणि तुमच्या मुलीच्या निबंधांतला चंद्र हा अशा सजावटीतूनच आला आहे. जेथे शब्द पुरत नाही तेथे ती नसेल तर अडते. कापडी पिशवीत नारळाची करवंटी, चिंचेचे बोटूक, रेशमी कापडाचा तुकडा, भांडी घासायची घासणी असे काही टाकून, आत हात घालून, वस्तूचे नाव न घेता ती हाताला कशी लागते ते सांगायला लावा. ‘खडबडीत’ आणि ‘मऊ’ हे दोन शब्द लगेच संपतात आणि मग ‘सारखे’ येऊ लागते. दुखण्याचेही तसेच आहे. पोट दुखते म्हणजे पिळल्यासारखे की टोचल्यासारखे की जड झाल्यासारखे, हे डॉक्टरांना मुलाकडूनच हवे असते, आणि तेथे चाळीसांच्या यादीतले एकही वाक्य उपयोगाचे नसते. निबंधासाठी सध्या एवढेच सांगा की उपमा लिहिल्यावर ती झाकून वाक्य पुन्हा वाचायचे. काही हरवले असे वाटले नाही तर उपमा खोडायची. पहिल्या आठवड्यात चंद्र बरेच खोडले जातील.

मराठीची स्वतःची एक अडचण येथे सांगितली पाहिजे, कारण सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे, तसेच परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या मुलांचे पालक अशा वेळी चुकीच्या जागी बोट ठेवतात. ‘सारखा’ लावताना नामाचे सामान्यरूप करावे लागते : ससा पण सशासारखा, पाऊस पण पावसासारखा, गहू पण गव्हासारखा. शिवाय ‘सारखा’ स्वतः बदलतो, आणि तो उपमानाप्रमाणे न बदलता उपमेयाप्रमाणे बदलतो : कापूस पुल्लिंगी असला तरी उशी कापसासारखी. ‘ससासारखे उडी मारली’ असे वाक्य आले की आपण ते अर्ध्यात तोडून दुरुस्त करतो आणि मूल पुढच्या वेळी उपमाच टाळते. त्याचे म्हणणे पूर्ण होऊ द्यावे आणि उत्तर देताना आपण बरोबर रूप वापरावे : ‘खरंच, सशासारखी टुणकन उडी मारलीस!’ कान तयार होतो. त्यातून ‘सारखा’ या शब्दाचे इतरही उपयोग आहेत, तो सारखा रडतो, दोघी सारख्या उंच आहेत, पुस्तक घेण्यासारखे आहे. यांत उपमा नाही. ‘ताईसारखाच मलाही लाडू हवा’ यातही नाही, कारण तेथे हक्काची मागणी आहे. मुले हा फरक वापरातून शिकतात, त्याची व्याख्या सांगत बसू नये.

शाळेचे काय करावे? बाईंना जाऊन उत्तर बरोबर आहे असे पटवण्याचा मोह होईल, आणि मुलीसमोर ‘बाईंना कळत नाही’ असे म्हणण्याचा त्याहून अधिक. दुसरे मुळीच करू नका. पन्नास-साठ वह्या एका बैठकीत तपासणाऱ्या शिक्षिकेला तिन्ही उत्तरांमागचे कारण दिसण्याची सोय त्या स्वाध्यायातच नव्हती. पालक सभेत किंवा वहीतून एक सूचना नम्रपणे करता येईल : रिकाम्या जागेला ‘कारण’ जोडावे. ‘आजीचे केस अमुकसारखे, कारण अमुक.’ मग शेवया बरोबर ठरतील, लिफ्ट स्वतःच अडचणीत येईल, आणि कापूस लिहिणाऱ्या मुलालाही कापूस का ते एकदा मनाशी म्हणावे लागेल. हे सदर वाचणाऱ्या प्राथमिक शिक्षकांनी एका वर्गात हे करून पाहावे, तपासायला वेळ थोडा अधिक लागेल हे मान्य करून. सूचना स्वीकारली गेली नाही तर मुलीला सरळ सांगा की चाचणीत वर्गात शिकवलेली उपमा विचारलेली असते आणि निबंधात तिची स्वतःची. आठ वर्षांच्या मुलांना दोन ठिकाणचे दोन नियम सहज सांभाळता येतात. घरातले आणि आजोळचे नियम ती रोज सांभाळत असतात.

धाकट्याबद्दल काळजीचे कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही. पाचव्या वर्षी बोलणे शब्दशः घेणे स्वाभाविक आहे. नऊ-दहा वर्षांचे मूल अजूनही थट्टा, म्हणी आणि उपमा सातत्याने शब्दशः घेत असेल, आणि त्याबरोबर गोष्ट सांगताना किंवा समवयस्कांशी बोलतानाही त्याला अडचण येत असेल, तर वाचा-भाषा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. नुसते एखादे वाक्य न कळणे हे त्याचे लक्षण नव्हे.

राहिला सुट्टीतला वर्ग. मुलीला आवडत असेल आणि खर्च झेपत असेल तर हरकत नाही, पण तो या अडचणीवरचा इलाज म्हणून लावू नका, कारण वर सांगितलेले सारे स्वयंपाकघरात आणि बाजाराच्या वाटेवर होण्यासारखे आहे. लावायचाच ठरला तर पैसे भरण्यापूर्वी तेथील मागच्या तुकडीच्या पाच-सहा मुलांच्या वह्या पाहायला मागा. एकाच विषयावरच्या सगळ्या निबंधांत त्याच उपमा त्याच क्रमाने आल्या असतील, तर तेथे तुमच्या यादीऐवजी दुसरी यादी मिळेल, एवढाच फरक पडेल.